औषधींची चित्रे आणि साक्षीदारांची नावे

न्यायासनापुढे जमिनीचा वाद आला म्हणजे केवळ शेताचे नाव सांगून भागत नाही. चतुःसीमा सांगाव्या लागतात. औषधी वनस्पतींचेही तसेच आहे. एक वैद्य ब्राह्मी म्हणून जी वनस्पती देतो, तिच्याहून अगदी निराळी मंडूकपर्णी दुसरा त्याच नावाने देतो. नाव एक, वनस्पती दोन, आणि परिणाम भोगायचा मात्र रोग्याने! पान, फूल, फळ व मूळ यथातथ्य दाखविणारे चित्र हीच वनस्पतीची चतुःसीमा होय. कोणी म्हणेल, छायाचित्र असता चित्राची यातायात कशास? छायाचित्र एका क्षणाचे असते. चित्रकार आषाढातील फूल व मार्गशीर्षातील फळ एकाच कागदावर आणतो.

परंतु चतुःसीमेस साक्षीदारही लागतात. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टुस मलबारिकुस’ हा व्हान ऱ्हीडे या डच अधिकाऱ्याचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत निघाला. त्यात सातशेंहून अधिक चित्रे आहेत. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ चे साक्षीपत्र त्यात नागरी लिपीत छापले असून, इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याचीही साक्ष त्यात आहे. समाजाने ज्यांना एका पंक्तीस बसू दिले नसते, त्यांना ग्रंथाने बसविले.

आमच्याकडे मात्र उलट घडले. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी कंपनी सरकारसाठी औषधी लावल्या, आणि १८४७ ते १८५० च्या सुमारास तेथील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढविली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत. गिब्सन यांचे नाव राहिले; ज्याच्या हातून ती चित्रे उतरली, त्या पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराचे नाव मात्र नष्ट झाले.

हा अन्याय पुन्हा होऊ नये, एवढेच शिरढोणकरांस आमचे सांगणे आहे. पनवेलीस १८७२ त श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. तेव्हा या तालुक्यास औषधी परक्या नाहीत. कर्नाळ्याच्या रानातील मुळ्या व साली ओळखणारे कातकरी व ठाकूर आजही शेजारी आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती व लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. लेखी पुराव्याची किंमत हळदीच्या खटल्याने शिकविली: १९९५ त अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ त रद्द झाले, ते जुने लेख पुढे ठेवता आले म्हणूनच. नोंद नसलेल्या विद्येचा कैवार कोणते न्यायासन घेणार?

म्हणून शाळेतील मुलांनी रानातील एकेक वनस्पती दोन्ही ऋतूंत पाहून रेखाटावी. खाली गावचे नाव, तारीख, चित्र काढणाराचे नाव आणि माहिती देणाराचे नाव, त्याच्या संमतीने, लिहावे. उपयोगाचा गुप्त तपशील उघड करण्याची सक्ती नसावी, आणि त्यातून लाभ झाल्यास त्याचा वाटा त्यास मिळावा. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ त रामोशांना बरोबर घेऊन बंड उभारले. त्यांच्या जन्मग्रामाने कातकऱ्याचे नाव कागदावर लिहिण्यास संकोच का करावा?