पुरात बुडालेल्या गाड्यांची आरसीवर नोंद व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पुरात बुडालेली वाहने ती बाब लपवून विकली जाणे व जुन्या वाहनांच्या डीलरांची तपासणी न होणे, याबाबत.

संदर्भ : संबंधित परिवहन कार्यालयास दिलेले आमचे अर्ज व स्मरणपत्रे (पोच घेतलेल्या प्रती सोबत).

महोदय,

आम्ही गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील रहिवासी. आम्ही सर्वांनी डीलरांकडून जुन्या मोटारी घेतल्या व सर्वांच्याच गाड्या सदोष निघाल्या. तक्रारी संबंधित कार्यालयात रीतसर दिल्या. 'आठ दिवसांत बघतो' हे उत्तर गणपतीनंतर मिळाले, दिवाळीत मिळाले आणि शिमग्यालाही तेच मिळाले. म्हणून आपल्याकडे येणे भाग पडले. नियम आपणास ठाऊक आहेत, ते येथे उतरवून काढत नाही.

एकच प्रकरण सविस्तर मांडतो, कारण बाकीची बरीचशी त्याच वळणाची आहेत. लालबागच्या आमच्या एका सहकाऱ्याने गणपतीला गावी जाता यावे म्हणून कर्ज काढून एमएच-०८ पासिंगची गाडी घेतली. डीलरचे शब्द : 'सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, डोळे झाकून घ्या.' नवी सीट कव्हरे, डॅशबोर्डला पॉलिश, एसीच्या जाळीला अत्तराची कुपी. पावसाळा लागताच काचा आतून धुरकट होऊ लागल्या, सेंट्रल लॉक आपोआप उघडमीट करू लागले. डीलर म्हणाला, बॅटरी बदला. बॅटरी बदलली. गावी जाताना रात्री कशेडी चढत असताना गाडीची सगळी वीज एकदम गेली. हेडलाइट नाहीत, पॉवर स्टेअरिंग नाही, मागे ट्रक आणि मागच्या सीटवर म्हातारी आई व मुले. जीव वाचले ते ट्रकचालकाच्या सावधपणामुळे.

परळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या त्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. कार्पेटखाली सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ, फ्यूज बॉक्सच्या पिना हिरव्या पडलेल्या. 'ही पाण्यात बसलेली गाडी आहे,' एवढेच तो म्हणाला. हिंदमाताचे पाणी वर्षानुवर्षे पाहणाऱ्या आम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

मूळ मालक चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात गाडी बुडाली, दुरुस्तीचा अंदाज विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, गाडी टोटल लॉस ठरली. दाव्याचे पैसे घेताना त्यांनी फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि विषय संपला असे मानले. पुढे ती भंगार म्हणून लिलावात गेली, कुठल्याशा वर्कशॉपमध्ये धुऊन-पुसून उभी राहिली, डीलरकडे आली आणि त्याच कोऱ्या सह्यांवर थेट आमच्या सहकाऱ्याच्या नावे झाली. मधले कोणीच नोंदीत नाही. विक्रीच्या वेळी आपल्या खात्याच्या दप्तरी ती 'सिंगल ओनर'च होती, म्हणजे डीलर कागदोपत्री खरे बोलला! २००५ ची २६ जुलै, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चे चिपळूण : प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या बाजारात येतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत मालकीपत्रावरच पुराचा शिक्का बसतो. आपल्याकडे आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, बुडाली होती हे मात्र कुठेच नसते.

१ एप्रिल २०२३ पासून डीलरला आपल्या खात्याचे अधिकारपत्र लागते व गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर व्हावी लागते. या डीलरकडे ते आहे का, एवढेच आम्ही विचारले होते. 'त्याला बोलावून घेतो' असे गणपतीनंतर सांगण्यात आले. दिवाळीत साहेब मीटिंगला होते. नंतर सल्ला मिळाला की ग्राहक आयोगात जा. आयोगाची वाट आम्हाला माहीत आहे, आमच्यापैकी काही जण तेथे गेलेही आहेत. परंतु अधिकारपत्र तपासणे हे आयोगाचे काम नव्हे. डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आकारण्याची व्यवस्था चोख आहे, तपासणीचे घोडे तेवढे अडते.

म्हणून आमची मुख्य मागणी : विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेल्या प्रत्येक वाहनाची माहिती आपल्या खात्याकडे यावी, ती आरसीवर व वाहन पोर्टलवर कोणालाही दिसावी, आणि तांत्रिक तपासणी झाल्याखेरीज असे वाहन दुसऱ्याच्या नावे होऊ नये. केंद्राची परवानगी लागत असल्यास तसा प्रस्ताव पाठवून त्याची प्रत आम्हाला द्यावी. सोबतच्या यादीतील डीलरांची अधिकारपत्रे तपासून अहवाल लेखी द्यावा. 'तपासणी सुरू आहे' हे उत्तर आम्ही आधीच ऐकले आहे.

याशिवाय, नाव बदलण्यास लागणारा विलंब थांबवावा, नव्या मालकाची ई-चलाने जुन्या मालकाकडे जातात. किलोमीटर मागे फिरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत. अधिकारपत्र दुकानात दर्शनी भागी लावणे सक्तीचे करावे.

या निवेदनाची पोच आजच मिळावी व एक महिन्यात लेखी उत्तर यावे, ही नम्र विनंती. तोंडी आश्वासन कृपया देऊ नये. उत्तर न आल्यास सदोष गाड्यांच्या कागदपत्रांसह आझाद मैदानात सनदशीर मार्गाने धरणे धरू.

आपले विश्वासू,
(सह्या करणारे वाहनमालक, यादी सोबत)

सोबत : अर्जांच्या पोच प्रती, गॅरेजचा लेखी अभिप्राय, छायाचित्रे, डीलरांची यादी.

प्रत माहितीसाठी : मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य.