बिस्किटी रंगाची सीट आणि एक पोतं

गेल्या ऑक्टोबरात, फळछाटणीच्या दिवसांत, तासगावजवळच्या एका द्राक्षबागेच्या बांधावर हात करून मला थांबवलं गेलं. छाटणीच्या टोळीतल्या एका पोराच्या तळहातात कात्री घुसली होती. फडकं गुंडाळलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. मी गाडीचं मागचं दार उघडलं. पोरगा दारातच थबकला. आत डोकावून म्हणाला, "दादा, अंथरायला एखादं पोतं आहे का? सीट खराब हुईल तुमची."

मी लगेच 'बस रे' म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं हे की त्याच्या हाताआधी माझी नजर सीटकडे गेली. दोन-तीन सेकंदच. मग मी त्याला आत घेतलं. दवाखान्यात टाके पडले, हात वाचला. त्या दोन-तीन सेकंदांची लाज मात्र अजून गेलेली नाही.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. सीटा बिस्किटी रंगाच्या, खऱ्या चामड्याच्या. घेतानाच सगळ्यांनी बजावलं होतं की तासगावात हा रंग टिकायचा नाही. त्यांचं चूक नव्हतं. इथे बागेतली माती आहे, फवारणीच्या दिवसांत बोर्डोचे निळसर डाग आहेत, बेदाण्याच्या शेडवरून येणाऱ्याच्या कपड्यांना डिपिंग ऑइल लागलेलं असतं. ऋषिपंचमीला पटवर्धनांच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा गुलालातून आलेल्या माणसाचे कपडे कुणाचे म्हणून ओळखू येत नाहीत, मग तो कोणत्याही धर्माचा असो. वर प्रत्येकाच्या अंगात नवी जीन्स, जिचा निळा रंग फिक्या सीटवर हमखास उतरतो.

मग लोक काय करतात? सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढत नाहीत. टॉवेल अंथरतात. पोरांना बूट काढायला लावतात. आणि मजुराला, कामवाल्या बाईला, शेतावरच्या गड्याला सांगतात की तू मागून एसटीनं ये. मला हे पटत नाही. सीट बसण्यासाठी असते. कोण बसलं म्हणून ती नासली, असं वाटायला लागलं की समजावं, आपल्याला सीट साफ करता येत नाही.

माझे अब्बा जीपचे हूड आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे. गिऱ्हाईक 'लेदर आहे' म्हणालं की अब्बा आधी सीटची खालची कड उलटून बघायचे. आतून विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. बारीक लव, तंतू दिसले तर चामडं. हे आजही करून बघा. 'लेदर सीट' म्हणून घेतलेल्या कित्येक गाड्यांत प्रत्यक्षात रेक्झिनच निघतं. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला चामड्याचं महागडं क्रीम चोळण्यात अर्थ नाही.

खऱ्या चामड्याच्या सीटवर आजकाल कारखान्यातच रंगाचा आणि त्यावर पारदर्शक थर दिलेला असतो. आपण साफ करतो तो हा थर. तो राखायचा, एवढंच सूत्र. आधी कोरडी धूळ काढा, शिवणीतली मऊ ब्रशने. मग मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यावर सौम्य, सीटसाठीच मिळणाऱ्या क्लीनरचा फेस घ्या आणि हलक्या हाताने पुसा. दुसऱ्या ओल्या फडक्याने फेस काढा, तिसऱ्या कोरड्याने टिपा. सावलीत वाळू द्या. नवा क्लीनर आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. भोकं असलेल्या सीटवर पाणी ओतू नका. आत फोम असतो, वायरी असतात. गुलाल पडला तर आधी कोरडाच झटका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. ओलं फडकं आधी फिरवलं तर तो शिवणीत बसतो. जीन्सचा निळा रंग जितक्या लवकर पुसाल तितका निघतो. आणि रक्त? गार पाणी, सौम्य फेस. गरम पाण्याने ते पक्कं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी सीट पुसली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

काय करू नये तेही सांगतो. कपड्यांचा साबण, सोडा नको. चामडं किंचित आम्ल असतं, क्षाराने ते बिघडतं. डिपिंग ऑइलच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट मिसळलेलं असतं, म्हणून तो डाग राहू देऊ नये. पेनच्या शाईवर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चोळला तर शाईबरोबर रंगही जातो. एका धुलाई केंद्रात माझ्या सीटचा एक कोपरा असाच पांढरा झाला. खोबरेल तेल लावलं तर फिक्या चामड्यावर काळपटपणा येतो. आणि उन्हात गाडी लावताना काचेला पडदा लावा; इथल्या एप्रिल-मेच्या उन्हासारखा चामड्याचा दुसरा शत्रू नाही.

आता थोडं चामड्याबद्दल. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपले सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत. ढोर समाजाने कातडी कमावली, चर्मकार समाजाने चपला शिवल्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं टिकवायची ही विद्या पिढ्यानपिढ्या त्यांनी सांभाळली. त्यांना गावाने कुठे बसवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. 2015 साली राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून कातडी वाहून नेणाऱ्याला रस्त्यात कोण अडवेल याची धास्ती असते. तेच गुराचं कातडं सीट होऊन शोरूममध्ये आलं की आपण त्याचे जादा पैसे मोजतो आणि त्यावर बसताना कुणाचं काही बाटत नाही.

हे फक्त दुसऱ्यांना सुनावण्यासाठी लिहीत नाही. आपल्या फिक्हप्रमाणे कमावलेलं कातडं पाक. पण कातडं कमावणारा? खाटकाच्या, चामड्याच्या धंद्यातल्या घरात सोयरीक करायची म्हटलं की आपल्याकडचे शरीफ लोकही नाकं मुरडतात. बरोबरीच्या गोष्टी जुम्म्याच्या खुतब्यात ऐकायच्या आणि रिश्ता ठरवताना बिरादरी विचारायची, हा डाग कुठल्या क्लीनरने जाणार?

त्या पोराने पोतं मागितलं, ते माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. आजवर ज्या ज्या गाडीच्या दारात तो उभा राहिला असेल, त्यातून तो हे शिकला होता. त्याला सीटची किंमत माहीत होती आणि आपली किती धरली जाते तेही.

म्हणून माझं मत सरळ आहे. फिकी सीट खुशाल घ्या. पंधरा दिवसांतून एकदा पुसा, तीन-चार महिन्यांतून एकदा कंडिशनर लावा. मळ दिसतो, म्हणून तो वेळेवर निघतो. काळ्या सीटवर तोच मळ वर्षभर तसाच राहतो. आणि सीट साफ करता येते हे एकदा हाताला माहीत झालं की दार उघडताना नजर सीटकडे जात नाही.

आता माझ्या गाडीत मागे दोन फडकी आणि क्लीनरची बाटली असते. पोतं मी ठेवत नाही.