बिबट्या यिर्मयाचा आणि जुन्नरचा

यिर्मया या हिब्रू संदेष्ट्याने जेरुसलेमला दिलेल्या इशाऱ्यात रानातला सिंह आहे, लांडगा आहे आणि नगरांबाहेर दबा धरून बसलेला बिबट्याही आहे. जो बाहेर पडेल त्याचा फडशा. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा इशारा जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात कुणी वाचला, तर त्याला तो परवाच्या पेपरातला वाटेल.

फरक इतकाच, की यशयाच्या पुस्तकात बाबेल ओस पडते तेव्हा तिच्या वाड्यांत कोल्हे, घुबडे राहायला येतात. जनावर आले म्हणजे माणूस संपला. इथे उलटे घडले. कुकडी प्रकल्पातल्या माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्याला पिले वाढवायला बारमाही आडोसा मिळाला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभारावे लागले ते या हिरवाईपायी. ओस पडायचे ते वेगळेच पडले: डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले.

मग याच आंबेगाव तालुक्यातले मळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी ‘देवाचा कोप’ हे शब्द पटकन तोंडी येतात, आणि तिथेच चौकशी थांबते. संदेष्टे मात्र तिथे थांबत नाहीत. मीखाला परमेश्वराच्या पावलांखाली डोंगर मेणासारखे वितळताना दिसतात. पण पुढच्याच अध्यायात तो रात्री अंथरुणात बेत रचून सकाळी दुसऱ्याची शेते बळकावणाऱ्यांना धरतो. आमोस खोट्या तराजूवर बोट ठेवतो. कोपाबरोबर आरोपपत्र येतेच, आणि ते बहुधा बळकटांवर असते.

मळीणनंतर मात्र अतिवृष्टी आणि झिजलेल्या खडकाबरोबर पडकई या उतारावरच्या सपाटीकरण योजनेचेही नाव पुढे आले. म्हणजे भाताची खाचरे करणारा महादेव कोळी शेतकरीच आरोपी! उतारावरचे सपाटीकरण तपासायलाच हवे. पण त्या योजनेला मंजुरी देणारे, पाण्याच्या वाटांचा विचार न करणारे आधी तपासावेत.

आमडे येथे नवे मळीण उभे राहिले, एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण झाले. त्याच जूनच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले. भराव कुणी टाकला, तो दाबला गेला की नाही हे कुणी पाहिले आणि कामावर सही कुणाची, हे तिथल्या रहिवाशांना कागदावर कळायला हवे.