निजामाविरुद्धचा लोकलढा आणि नागपूर : दप्तर जपा, उघडा, शिकवा

मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

महोदय,

जुन्या हैदराबाद संस्थानातून विदर्भात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांचे आमचे मंडळ धंतोलीत भरते. कोणाचे आजोबा नांदेडकडचे, कोणाच्या आजीचे माहेर राजुऱ्याचे. निजामाविरुद्धचा लढा मराठवाड्याचा, नागपूरचा त्याच्याशी काय संबंध, असा समज या शहरात पक्का बसला आहे. तो चुकीचा असल्याचा पुरावा याच शहरात आहे. तो नष्ट होण्याआधी जपला जावा, म्हणून हे मागणीपत्र.

आधी लढा का झाला ते. १९४१ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ६३ लाख होती. त्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, पण कचेरीचा कारभार उर्दूत आणि उच्च शिक्षणही उर्दूत. संस्थानातली सुमारे चाळीस टक्के जमीन निजामाच्या खासगीतली, म्हणजे सर्फ-ए-खास, किंवा जहागीरदारांच्या ताब्यातली. तिथल्या कुळाला दाद मागायला जागा नव्हती. महायुद्धाच्या काळात लेव्ही आली आणि पिकले न पिकले तरी ठरलेले धान्य सरकारी भावाने घालणे भाग पडले. तक्रार करावी तर गश्ती निशान ५३ हे सरकारी परिपत्रक आडवे येई, कारण परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी घातली गेली. पोट आणि तोंड दोन्ही बांधल्यावर माणसे उठली.

वऱ्हाडलाही हे राज्य परके नव्हते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले, पण नावाचा मालक निजामच राहिला. त्याच्या युवराजाला १९३६ पासून ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत.

नागपूरचा खरा वाटा १९३८ च्या अखेरीस सुरू होतो. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. बंदी आली, तरी मुले हटली नाहीत. औरंगाबादसह इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी साथ दिली आणि शेकडो मुले काढून टाकली गेली. संस्थानात त्यांना पुढे शिकायची सोय उरली नाही. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना दारे उघडून दिली. एका बलाढ्य संस्थानिकाने काढलेल्या मुलांना प्रवेश देणे त्या काळी सोपे नव्हते. या मुलांपैकीच एक, पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनी कायद्याची पदवी याच विद्यापीठातून घेतली. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर बाकावर बसलेल्या मुलांची नावे मात्र सापडत नाहीत, आणि आम्हाला ती हवी आहेत.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९३८ च्या सत्याग्रहात स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली, त्याच वर्षी बिलोलीजवळ लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजींना पुन्हा अटक झाली. मग लढा गावागावांत गेला. शेतकऱ्यांनी लेव्ही नाकारली, सरकारला अबकारी उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरी म्हणजे जकातीचे नाके जाळले. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालूच होता. आपल्या बाजूला सरहद्दीवर लढणाऱ्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या, त्यांतली एक यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या, कासीम रझवीच्या रझाकारांनी जी गावे लुटली, तिथली बिऱ्हाडे याच सरहद्दीवरून वऱ्हाडात आली. त्यांना घरात घेणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांची नोंद कोणी केली आहे?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. या पाच दिवसांनी आधीची दहा वर्षे झाकून टाकली, हे आमचे खरे दुखणे आहे. बास्तीयचा तुरुंग कधी फुटला हे मुलांना पाठ असते, करोडगिरी नाके कोणी जाळले हे त्यांना माहीत नसते.

आमच्याकडे काय आहे तेही सांगतो. एका सभासदाकडे लेव्हीची पावती आहे. कागद पिवळा, घड्यांवर फाटलेला, खाली अंगठ्याचा ठसा, आणि साल १३५७ फसली, म्हणजे १९४७-४८. मजकूर शिकस्त उर्दूत. घरातल्या कोणालाच तो वाचता येत नाही. असे कागद अनेक घरांत आहेत आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे कमी होत आहेत.

म्हणून विद्यापीठाकडे आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी : १९३८ ते १९४० मधल्या प्रवेशनोंदी शोधाव्यात, उस्मानियातून आलेल्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी आणि मूळ नोंदवह्यांचे स्कॅनिंग करावे. केदार यांच्या निर्णयाची माहिती देणारा फलक विद्यापीठाच्या आवारात लावावा.

पुराभिलेख संचालनालयाने मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या दप्तरातील निर्वासित आणि सरहद्दीसंबंधीच्या फायली वेगळ्या काढून अभ्यासकांना खुल्या कराव्यात. घरोघरचे कागद मालकाकडेच ठेवून त्यांची प्रत घेणारे फिरते पथक नेमावे. त्यात उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस हवाच. कागद कायमचे मागितले तर लोक देणार नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. १७ सप्टेंबरला नागपुरातही शासकीय कार्यक्रम व्हावा आणि त्यात शाळांना लढ्याची पूर्ण हकीकत सांगितली जावी. पूर्ण म्हणजे रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये ठार झालेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांच्यासह. सैनिकी कारवाईनंतर मराठवाड्यात आणि इतरत्र निरपराध मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी सुंदरलाल समितीने केली होती, तीही सांगावी. आमच्यातल्या काहींना हे वाक्य या पत्रात नको होते. चर्चेनंतर ते ठेवायचे ठरले, कारण हा लढा एका सत्तेविरुद्ध होता, शेजाऱ्याविरुद्ध नव्हता. तोच निजाम १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून कायम राहिला, हेही मुलांना कळू द्यावे.

भेटीसाठी वेळ द्यावी. येताना आम्ही लेव्हीची पावती आणि सभासदांकडच्या इतर कागदांची यादी घेऊन येऊ. यंदाच्या १७ सप्टेंबरपूर्वी निदान प्रवेशनोंदींचा शोध सुरू झाल्याचे लेखी कळवावे.

आपले,
मंडळाचे अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
धंतोली, नागपूर