गळ्यातली गाठ: ऑपरेशनचे पैसे मिळतात, वाट पाहण्याचे नाही

वडोदरा : वाडीतल्या मराठी घरांत थायरॉईडच्या गाठीचा विषय निघतो तो बहुतेक अचानकच. चक्कर येते म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी होते, किंवा कुणी हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतं. शोधायचं असतं एक आणि रिपोर्टच्या खालच्या ओळीत निघतं दुसरंच, आठ-नऊ मिलिमीटरची गाठ. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं गुजरातीत आणि रात्रीची चर्चा मराठीत. गुजरातीत 'गांठ' म्हणा की मराठीत 'गाठ', शब्द ऐकला की घरात कॅन्सरच शिरतो. शेजारपाजारचा सल्लाही ठरलेला असतो, "ऑपरेशन करावी लो, डोक्याला ताप नको."

घाई इथूनच सुरू होते. वास्तविक अशी गाठ ही दुर्मीळ गोष्ट नाही. हाताला लागेल एवढी गाठ साधारण शंभरात पाच बायकांना आणि एका पुरुषाला असते. सोनोग्राफीचं मशीन फिरवलं तर हा आकडा कितीतरी पटीने वाढतो. वेगवेगळ्या पाहण्यांत तो १९ ते ६८ टक्क्यांपर्यंत गेलेला आहे. यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, कॅन्सर निघतो तो साधारण ७ ते १५ टक्क्यांत. म्हणूनच अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत सहसा सुई घालू नये असं सांगितलं. आवाज बसणं, गाठ भराभर वाढणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, मानेत दुसऱ्या गाठी लागणं, ही लक्षणं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे थांबायचं नाही.

सुईच्या तपासणीनंतर उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं येतंच असं नाही. बेथेस्डा नावाच्या पद्धतीत निकालाच्या सहा श्रेणी आहेत. दुसरी श्रेणी म्हणजे जवळजवळ निश्चिंत, सहावी म्हणजे कॅन्सर. खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची, कारण तिथे पॅथॉलॉजिस्टही खात्रीने सांगू शकत नाही. पुन्हा सुई घालायची, काही महिने बघायचं, अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण? या चारही वाटा वैद्यकीयदृष्ट्या चुकीच्या नसतात. पूर्ण ग्रंथी काढली की गोळी जन्मभराची. शिवाय आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींना इजा होण्याचा थोडा धोका. अर्धी काढली तर हा धोका कमी, पण पुढे दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता उरते. भजनी मंडळात गाणाऱ्या बाईला किंवा शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांना आवाजाचं मोल वेगळं. कॅन्सरच्या विचाराने ज्याची झोप उडते, त्याला दर सहा महिन्यांची वाट पाहणं सोसणार नाही. हे डॉक्टरला रिपोर्टमध्ये दिसत नाही, पेशंटनेच सांगावं लागतं.

सगळ्यांनी सरसकट शोध घेतला तर काय होतं ते दक्षिण कोरियाने दाखवलं. तिथे १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीला थोडे जादा पैसे घेऊन थायरॉईडची सोनोग्राफी दिली जाऊ लागली. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण पंधरा पट झालं. मृत्यूचं प्रमाण जिथल्या तिथे राहिलं. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनीच जाहीरपणे हे थांबवा म्हटलं, तेव्हा वर्षभरात ऑपरेशनं सुमारे एक तृतीयांशाने घटली. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासूनच अगदी लहान पॅपिलरी कॅन्सर न कापता नजरेखाली ठेवायला सुरुवात केली होती. २०१४ मध्ये त्यांनी १,२३५ रुग्णांचा हिशेब मांडला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के जणांची गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली होती. ज्यांना गरज पडली त्यांचं ऑपरेशन नंतर झालं. या कॅन्सरने कुणीही दगावलं नाही.

मग आपल्याकडे ही वाट का नाही? डॉक्टर लोभी म्हणून, असं उत्तर सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. पैसे कुठे मिळतात आणि कुठे नाही, ते आधी बघावं लागतं. गुजरातने जुलै २०२३ पासून आयुष्मान योजनेचं कवच ५ लाखांवरून १० लाखांवर नेलं. थायरॉईडच्या ऑपरेशनचं पॅकेज योजनेत आहे. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवसही त्यात धरलेले आहेत. पण ओपीडी नाही. म्हणजे कापलं तर सरकार पैसे देणार. न कापता वर्षातून दोनदा सोनोग्राफी करायची तर खिशातून. आणि कापल्यानंतर सोळाव्या दिवसापासूनची गोळी, तीही खिशातून, आयुष्यभर. ताळेबंदात ऑपरेशन स्वस्त दिसतं ते यामुळे. नवापूर-नंदुरबारकडून आयुष्मान कार्ड घेऊन सुरत-वडोदऱ्याला येणाऱ्यांना तर सोनोग्राफीपेक्षा एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी जड जाते. एकदाच यावं आणि प्रकरण मिटवावं, हा त्यांचा हिशेब चुकीचा कसा म्हणणार?

पॅकेजच्या पैशाचा मोह कुठवर जातो हे नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादेत दिसलं. एका खासगी हॉस्पिटलने कडी तालुक्यात शिबिर घेऊन गावकऱ्यांना नेलं, अँजिओप्लास्टी केल्या, दोघे दगावले आणि गुन्हा दाखल झाला. तो विषय हृदयाचा होता, पैशाची वाट मात्र तीच.

वेळेचंही तसंच. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतात प्राथमिक तपासणीला सरासरी दोन मिनिटं मिळतात असं निघालं. बेथेस्डाची तिसरी श्रेणी दोन मिनिटांत समजावणं कुणालाच जमणार नाही, सयाजी हॉस्पिटलच्या गर्दीत तर नाहीच. त्यात आपल्याकडे बोलतो कोण? मुलगा किंवा जावई. जिच्या गळ्यात गाठ, ती बाकावर.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. दिल्लीच्या एका खटल्यात पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरने आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. पेशंटने स्वतः होकार दिला होता तो फक्त तपासणीला. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संमती चालणार नाही असं स्पष्ट केलं. सज्ञान माणसाच्या वतीने नातेवाईक हो म्हणू शकत नाही, आणि होकाराआधी उपचार, धोके, दुसरे पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल हे सांगायला हवं. फॉर्मवर 'अर्धी, गरज पडल्यास पूर्ण' असं छापलेलं असेल तर ती 'गरज' म्हणजे काय, हे सही करण्याआधी विचारायचा हक्क यातून मिळतो. मराठीत विचारलं तरी चालेल. वडोदऱ्यातल्या कितीतरी डॉक्टरांना मराठी कळतं, काहींच्या तर घरी तीच बोलतात.

दुसरं मत घ्यायचं तर कागद हातात हवेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत हॉस्पिटलातल्या उपचारांची कागदपत्रं द्यावी लागतात. सुईची काचपट्टीही मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते. आणि वाट पाहायचं ठरलं, तर जुना सोनोग्राफी रिपोर्ट जपून ठेवावा, पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी करावी. मशीन आणि हात बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक नुसता मापातही पडतो, आणि तेवढ्यावरून गाठ वाढली असं ठरायला वेळ लागत नाही.