युद्धाचा हिशेब कधी मिटतो?

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. सन १९४९ पासून तो पाळला जात आहे. शाळा-महाविद्यालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत निधी गोळा होतो, छातीवर कागदी ध्वज लागतात. नऊ दिवसांनी, १६ डिसेंबरला, सन १९७१च्या विजयाचे स्मरण होते. या दोन्ही दिवसांविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक प्रश्न विचारणे भाग आहे. सैनिकाचे जे राष्ट्रावर ऋण आहे, त्याला आपण देणगी तर समजत नाही ना?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने, ज्या गावांतून सैनिक लढाईवर गेले होते, अशा अनेक गावांत स्मृतिशिला बसविल्या. महाराष्ट्रातही त्या आहेत. त्यांवर बहुधा दोनच आकडे कोरलेले असतात : या गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती कामी आली. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला, की उरलेले सुखरूप परतले असे वाचणाऱ्यास वाटते. वस्तुतः परतणे आणि सुखरूप परतणे यांत मोठे अंतर आहे. जे हात-पाय किंवा दृष्टी गमावून परतले, ज्यांची झोप कायमची उडाली, त्यांच्यासाठी त्या शिळेवर रकानाच नाही.

हा तिसरा आकडा पाहावयाचा असेल, तर पुण्यास जावे लागते. आता खडकी येथे असलेली, अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सन १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असतानाच निघाली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र सन १९४४ मधले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले. खडकीचेच पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७१च्या युद्धानंतर, सन १९७४ मध्ये उभे राहिले. तह झाले, सरहद्दी बदलल्या, सरकारे बदलली. परंतु या संस्थांचे काम काही संपले नाही. युद्धे इतिहासजमा होतात, जखमा होत नाहीत.

श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण बोलके आहे. सांगली जिल्ह्यातील हा जवान सन १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. सन १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री मिळाली सन २०१८ मध्ये. ज्याने देशाला सुवर्णपदक दिले, त्याला सेहेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. मग ज्याने खाटेवर पडून केवळ दिवस काढले, त्याची दखल कोण घेणार?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने युद्ध हा दीर्घ मुदतीचा खर्च आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध सन १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला दरमहा सुमारे ७३ डॉलर निवृत्तिवेतन मिळत होते, ते सन २०२० मध्ये तिच्या निधनानेच बंद झाले. युद्ध चार वर्षांचे, त्याचे देणे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. आपल्याकडे सन २०२५-२६च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली, पैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. त्यात संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यांचाही वाटा आहे. या रकमेमुळे नव्या शस्त्रांसाठी पैसा अपुरा पडतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या रकमेला आपण 'बोजा' म्हणतो, ती पूर्वी घेतलेल्या सेवेची उरलेली किंमत आहे. मुदत लांबली म्हणून कर्जास बोजा म्हणणारा ऋणको प्रामाणिक ठरत नाही.

ही किंमत देताना सरकारचा हात किती आखडतो, हे अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाच्या खटल्यांवरून दिसते. सैन्यात दाखल होताना ज्या विकाराची नोंद नव्हती, तो नोकरीत उद्भवल्यास सेवेमुळेच उद्भवला असे धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात सन २०१३ मध्ये दिला. तरीही माजी सैनिकांना सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते, आणि तेथे जिंकल्यावरही सरकार अनेकदा वरच्या न्यायालयात जाते. खोटे दावे करणारे थोडे असतील. त्यांची छाननी अवश्य व्हावी. पण त्यांच्यापायी खऱ्यांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हा न्याय नव्हे.

हा प्रश्न आपल्या शहरापासून दूर नाही. सैनिकी अधिकारी घडविण्यासाठी राज्य शासनाने सन १९७७ मध्ये सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली ती येथेच, छत्रपती संभाजीनगरात. अधिकारी होऊ न शकणाऱ्या मराठवाड्यातील मुलांपुढे जवानाची भरती उरते, आणि सन २०२२ पासून तिचे दार म्हणजे अग्निपथ योजना. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर चौघांतील तिघे घरी, निवृत्तिवेतनाविना. शंभर टक्के अपंगत्व आल्यास या योजनेत जाहीर झालेली मदत ४४ लाख रुपये, तीही एकरकमी. आज ही रक्कम मोठी दिसते. परंतु एकविसाव्या वर्षी खाटेला खिळलेल्या मुलाला पुढे पन्नास वर्षे काढावयाची असतात. त्या पन्नास वर्षांतील महागाईचा धोका सरकारने आपल्या खांद्यावरून उतरवून त्याच्या खांद्यावर ठेवला आहे. निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते, एकरकमी पैसा मात्र झिजत जातो.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. अपंगत्व आलेल्या प्रत्येक सैनिकाला, मग तो चार वर्षांचा असो वा वीस वर्षांचा, महागाईशी निगडित आजीव निवृत्तिवेतन मिळावे. आणि न्यायाधिकरणाने एकदा दिलेला निर्णय, कायद्याचा खरोखर मोठा प्रश्न नसेल तर, सरकारने निमूटपणे मान्य करावा. यासाठी खर्च येईल, तो आपण करदात्यांनी सोसला पाहिजे. ज्या राष्ट्राला हा खर्च पेलत नाही, त्याने युद्धाची भाषा जपून वापरावी.

ध्वजदिनाचा निधी अवश्य द्यावा. मात्र तो देताना आपण कोणावर उपकार करीत आहोत, असे वाटू देऊ नये. सावकार दारात उभा नाही, म्हणून कर्ज फिटले असे होत नाही.