घराचा पत्ता आणि मतदाराचा हक्क

मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांच्या घराला जमावाने आग लावली, तेव्हा ते स्वतः आत होते. निमित्त झाले त्यांच्या दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफितीचे. त्याच दिवशी बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचेही घर पेटविण्यात आले. धग आपल्या धाराशिव जिल्ह्यातही पोहोचली. उमरगा तालुक्यात तुरोरीजवळ कर्नाटक परिवहनची बस जळाली. मागणी न्याय्य असो वा नसो, घरातल्या बायकामुलांचा तिच्याशी संबंध काय?

माजलगावात आमदारांचे घर शोधायला कुणाला कागद चाळावे लागले नाहीत, हे खरे. लोकप्रतिनिधीचे दार गावाला ठाऊक असावे, ही आपली रीतच आहे. परंतु गावाला ठाऊक असणे वेगळे आणि कुठल्याही अनोळखी माणसाला बसल्या जागी सापडणे वेगळे. १४ जून २०२५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मेलिसा हॉर्टमन या लोकप्रतिनिधीची पतीसह राहत्या घरात हत्या झाली. लोकांचे पत्ते पुरविणाऱ्या संकेतस्थळांची यादी संशयिताच्या वहीत आढळल्याचे तपास यंत्रणेने न्यायालयात सांगितले.

आपल्याकडे उमेदवाराचे शपथपत्र सर्वांसाठी खुले आहे. ते तसेच राहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मतदाराला उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण जाणण्याचा हक्क मिळवून दिला; जोडीदार व अवलंबितांच्या मालमत्तेचाही. मात्र त्याच नमुना २६ मध्ये टपालाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही असतो. जमीन किती, हे मतदाराने विचारावेच. रात्री कुटुंब कोठे झोपते, हे कळून त्याचे मत कसे बदलणार?

सुरक्षेच्या नावाखाली मालमत्ताही झाकण्याचा मोह मात्र राज्यकर्त्यांना होऊ नये. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले, तेव्हा हीच शंका व्यक्त झाली. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) ने राखली आहे. तिचा वापर अधिकाऱ्यांनी सढळपणे करावा.

शपथपत्राचे दोन भाग करणे अवघड नाही. पत्ता व क्रमांक निवडणूक अधिकाऱ्याकडे राहावेत, उर्वरित सारे खुले असावे. संपर्कासाठी कार्यालयाचा पत्ता पुरेसा आहे. आमदाराच्या दारी निदान पोलीस तरी उभा असतो. भूम-वाशीकडील एखाद्या जिल्हा परिषद सदस्येच्या दारी कोण असते? सुधारणेचा आरंभ तिच्यापासून व्हावा.